जीप भरल्याशिवाय सुटत नाही

११ ऑक्टोबर, गोरेगाव (जि. हिंगोली)

कामाच्या नोंदी ठेवायला म्हणून ही डायरी काढली होती, आणि पहिल्याच पानावर भांडण लिहिते आहे. आमच्या घराला शोभेल असंच झालं.

थोरल्या भावाचा, धम्मानंददादाचा, पुण्याहून फोन. त्याने अप्पांसाठी नांदेडला जागा बघितली आहे. लकवा झालेल्यांना सांभाळणारी संस्था, नर्स आहेत, व्यायाम करून घेतात. फोन स्पीकरवर होता. आई भाकरी थापत होती, अप्पा तिथेच खाटेवर.

"आईची कंबर गेली त्यांना उचलून उचलून," दादा म्हणाला. "अन् अप्पाला कळतं का आपण कुठं हाव ते? घर काय अन् नांदेड काय, त्यांना सारखंच."

"कळतं त्यांना," मी म्हणाले.

"मग दाखव मला. डिसेंबरात येतो. कळत असलं तर मी घरून काम मागून घेतो अन् गोरेगावात येऊन राहतो. पण कळत नसलं तर तू मधी येऊ नको, आकू."

"दाखवते," म्हणून बसले. माझं तोंड असंच, आधी सुटतं आणि मग मला विचारतं. आता दाखवू कसं? उन्हाळ्यात लकवा झाला तेव्हापासून अप्पांच्या तोंडात एकच शब्द उरला आहे: बराबर. पाणी पाहिजे, तरी बराबर. नको, तरी बराबर. पाटी दिली तर डाव्या हाताने दोन रेघोट्या ओढतात आणि पाटी भिरकावतात. डॉक्टर म्हणाले, शब्द अडकलेत, आतलं किती शाबूत आहे ते सांगता येत नाही. जन्मभर फळ्यासमोर प्रत्येक गणिताच्या शेवटी "बराबर?" म्हणून वर्गाकडे वळणारा माणूस. त्याला नेमका तोच शब्द उरावा!

१३ ऑक्टोबर

माळ्यावरून खोकं काढलं. आत अंकुर.

अंकुर म्हणजे अप्पांचा कॉम्प्युटर. ज्या कारखान्याने बनवला तो कधीचाच बंद पडला आहे. साय रंगाची चपटी पेटी, वर रबरी बटणं, पडदा नाही. टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचे. मी जन्मायच्या आधी, आमचा जिल्हा अजून परभणीच होता तेव्हा, ह्या माणसाने औरंगाबादहून तो जुना विकत घेऊन जीपच्या टपावर बसून आणला होता. गावात टीव्ही दोन. शिकवणारं कुणी नाही. सोबत एक इंग्रजी पुस्तक, तेही अर्धं फाटलेलं. त्यावर शिकले, एकटे! मी चार वर्षं कॉलेजात शिकले आणि अजून अडले की नेटवर विचारते.

पेटी उघडली तर आत उंदराने संसार मांडून मोडलेला. तारा गेल्या, पट्टी गंजली. चालणं शक्य नाही. पण तळाशी कॅसेट होती, अप्पांच्या अक्षरात "जीप" लिहिलेली.

कॅसेट अप्पांपुढे धरली. डाव्या हाताने तिच्यावरची धूळ पुसली त्यांनी. आधी एक बाजू, मग दुसरी.

"काय आहे आई ह्यात?"

"खेळ व्हता गणिताचा. धम्माच्या पाढ्यापायी केल्ता," आई म्हणाली. "लई तकलीफ दिली त्या पेटीनं. जेवायला वाढलं तरी माणूस उठायचा न्हाई."

ठरलं. यंत्र मेलं तर मेलं, मी त्याचं सोंग उभं करणार.

२४ ऑक्टोबर

आईने आज विचारलं, दिवसभर कंपनीचं काम झाल्यावर परत काय बडवत बसतेस. सांगितलं, एम्युलेटर लिहिते आहे. म्हणजे माझ्या लॅपटॉपने अंकुर असल्याचं सोंग घ्यायचं. आतल्या प्रोग्रामला वाटलं पाहिजे की आपण जुन्याच पेटीत आहोत.

"म्हंजी बहुरूपी."

"हो, बहुरूपीच."

"मंग सोंग पुरं वठलं पाहिजे. अर्धवट बहुरूप्याला कुणी दाणे घालत न्हाई."

जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्या पुण्याच्या ऐश्वर्याने तिच्याकडच्या अंकुरची मूळ चिप वाचून फाईल पाठवली आहे. तिचे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत. आता प्रोसेसरची एकेक आज्ञा लिहून काढते आहे. पडद्यावर अजून नुसते ठिपके. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे.

पण वाचते आहे तसतशी थक्क होते आहे. अंकुरची सगळी स्मरणशक्ती मिळून सोळा केबी. व्हॉट्सॅपवर सकाळी गुलाबाचं फूल येतं ना, त्याची एक पाकळीसुद्धा मावायची नाही. तेवढ्यात अप्पांनी आख्खा खेळ बसवला! हा माणूस मोठ्या शहरात असता तर... जाऊ दे. तो गोरेगावात होता म्हणून मी आहे.

२ नोव्हेंबर

बोलला! पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरांत "ANKUR READY". मी एवढ्याने किंचाळले की आई चुलीवरचं दूध सोडून आली आणि दूध उतू गेलं. अप्पांच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला. बराच वेळ बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. लकवा झालेल्यांचे डोळे तसेही पाझरतात, असं दादा म्हणेल. म्हणू दे.

९ नोव्हेंबर

हिंगोलीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुना टेपरेकॉर्डर मिळवला. आज कॅसेट लावली. आधी खरखर, मग दहा मिनिटं नुसती कर्कश शिट्टी. तोच तो प्रोग्राम, आवाजाच्या रूपातला. शिट्टी संपल्यावर कुणीतरी पोरसवदा, चिरक्या आवाजात बोलतं, "झालं. बराबर?" दादा असणार, अप्पांची नक्कल करत. लहानपणापासून वात्रटच.

आवाज लॅपटॉपात घेतला आणि माझ्या अंकुरला ऐकवला. पडद्यावर नाव आलं: जीप. चक्क देवनागरीत! मूळ यंत्राला फक्त इंग्रजी येत होतं. म्हणजे अप्पांनी आठ बाय आठ चौकटीत एकेक अक्षर स्वतः बसवलं, वेलांट्या-काने धरून. मला आनंद आवरेना.

आणि अर्ध्यावर गाडी अडली. "TAPE ERROR."

परत लावली. बरोबर तिथेच चूक. परत तेच.

अप्पा "बराबर, बराबर" करत डाव्या हाताने वर बल्बकडे बोट दाखवायला लागले. डोळ्यांवर येत असेल म्हणून मी बंद केला. तर आणखीच चिडले. लावला, तरी चिडले. अंधारात बसू का उजेडात, कळेना मला.

१० नोव्हेंबर

बल्ब बदलला. कमी उजेडाचा एलईडी आणला. तरी त्याच्याकडेच बोट.

मला वाटतं दुपारी बरे असतात, संध्याकाळ झाली की बिघडतात. खिडकीकडे कान लावून बसतात. पलीकडच्या शेतांत रब्बीच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की चुळबुळ सुरू, मग टेपरेकॉर्डरकडे हात, मग बल्बकडे बोट. नेटवर वाचलं, अशा रुग्णांना संध्याकाळी गोंधळायला होतं. तेच असावं. लिहिताना बरं वाटत नाही, पण दादा म्हणतो त्यात तथ्य असेल का?

नाही. उद्या परत पहिल्यापासून.

१७ नोव्हेंबर

आज मी अप्पांवर ओरडले.

सगळा आठवडा टेप वाचायचा भाग परत लिहिण्यात गेला. माझं गणित बरोबर आहे, चिपमधल्या आकड्यांशी ताडून बघितलं, तसूभर फरक नाही. तरी अर्ध्यावर चूक. म्हणजे कॅसेटच खराब, फीत ओढली गेली असणार. शेवटचं म्हणून अप्पांच्या खाटेवर टेपरेकॉर्डर ठेवून पुन्हा आवाज घेत होते. झाकण मोडकं आहे, त्यामुळे कॅसेटची चाकं उघडीच फिरतात. शिट्टी अर्ध्यावर आली आणि अप्पांनी सरळ चाकावर बोट टेकवलं. दाबलं, सोडलं, परत दाबलं. शिट्टीचा आवाज घरंगळला.

"अप्पा, काहून असं करून राहिले तुमी! एकच कॅसेट हाय जगात! तुटली तर?"

हात धरून बाजूला केला त्यांचा. जोरात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. जेवलेही नाहीत.

आईने मला मात्र ताट वाढून दिलं. तिने बोलायला पाहिजे होतं.

१८ नोव्हेंबर

दादाचा फोन. सहा डिसेंबरची वंदना पुण्यात करून दुसऱ्या दिवशी पोचतो म्हणाला. गाडी सांगितली आहे, नांदेडच्या लोकांशी बोलणं झालं आहे. "तुझं काय झालं दाखवायचं?"

"चालू हाय," म्हणाले. काहीच चालू नाही.

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

२३ नोव्हेंबर

नीट, क्रमाने लिहिते.

संध्याकाळी आई मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी करत होती. मी लॅपटॉप मिटून भिंतीला टेकून बसले होते, हरलेली. बाहेर एकेक करत मोटारी सुरू झाल्या. आणि मिक्सरचा आवाज खाली खाली यायला लागला. घर्रर्रचं घूंऽऽ झालं.

"पडली लाईट," आई म्हणाली. "मोटारी सुरू झाल्या की मिक्सर असा रडून राहतो बघ."

अप्पा खाटेवर अर्धे उठले. एकट्याने! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "बराबर! बराबर! बराबर!" मिक्सरकडे हात, मग टेपरेकॉर्डरकडे हात, मग बल्बकडे. परत मिक्सर, टेप, बल्ब. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं फळ्यावर अडलेल्या पोराकडे बघायचे. येतंय तुला, बोल की.

"आई, बल्बचं काय? ते बल्ब काहून दाखवून राहिले?"

"मला काय म्हाईत. ह्यो बल्ब तर पिवळा बी पडत न्हाई. पैले लाईट पडली की बल्ब पार निखाऱ्यावानी लाल व्हायचे. हे मंग म्हणायचे, आता भरंल जीप. सकाळी कधीच भरायची न्हाई ती. संध्याकाळीच भरायची."

मी वर बल्बकडे बघितलं.

अप्पा दिवसभर शाळेत. प्रोग्राम कॅसेटवर घ्यायचे ते संध्याकाळी. दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगच्या मध्यात कुणीतरी मोटारी सुरू केल्या, लाईट पडली, म्हणजे व्होल्टेज उतरलं, आणि टेपरेकॉर्डरची मोटर ह्या मिक्सरसारखीच मंदावत गेली. मंद फिरत घेतलेली फीत. ती मी आज भरल्या लाईटीत लावते तर आवाज धावतच सुटणार. अर्ध्यापर्यंत ठीक, पुढे चूक. कॅसेट चांगली, माझं गणित चांगलं. मी फक्त गोरेगावची लाईट हिशोबात धरली नव्हती.

आणि ते चाकावरचं बोट! माझा बाप बोटाने मला शिकवत होता की इथून पुढे हळू कर. मी हात धरून बाजूला केला.

पाया पडले त्यांच्या. ते "बराबर" म्हणाले आणि लॅपटॉपकडे बोट केलं. म्हणजे रडू नको, कामाला लाग.

२४ नोव्हेंबर

कंपनीत आजारी असल्याचं कळवलं आणि सकाळपासून बसले. सरसकट हळू करून चाललं नाही. मोटर जसजशी मंदावली तसतसं माझ्या अंकुरलाही ऐकत ऐकत मंदावायला शिकवलं. बहुरूप्याला नुसता पोशाख पुरत नाही, चाल पण उचलावी लागते.

दुपारी जीप भरली. एकही चूक नाही.

आणि मग, शिट्टीच्या शेवटचा तो पोरसवदा आवाज. तोही त्याच हिशोबाने हळू केला. दादा नव्हताच तो! भरदार, तिशीतला आवाज, थोडा दमलेला: "झालं. बराबर?"

आई दारात कुंचा घेऊन उभी होती. ती तिथेच खाली बसली. अप्पांनी आपलाच आवाज ऐकला, मान हलवली, आणि हसले. आम्ही दोघी मात्र रडत होतो. तो आवाज आता कधी ऐकू येणार नाही हे आम्ही कुणाला न सांगता पचवून टाकलं होतं.

२६ नोव्हेंबर

जीपबद्दल लिहायचं राहूनच गेलं. पडद्यावर रस्ता, पाट्या लागलेल्या: गोरेगाव, सेनगाव, हिंगोली. गोरेगावच्या फाट्यावर रिकामी जीप उभी. गणित येतं. उत्तर बरोबर आलं की एक प्रवासी बसतो. चुकलं की एक उतरून चालू लागतो, कधी आपली शेळी घेऊन. पुढे चार, मागे दाटीवाटीने, दोन टपावर. ड्रायव्हर मधूनमधून म्हणतो, "सरका, अजून एक बसंल." आणि भरल्याशिवाय जीप सुटत नाही. हा नियम कुठल्या पुस्तकातून नाही आला, आमच्या फाट्यावरून आलाय. मी हसून हसून बेजार.

दोन काळज्या. एक म्हणजे, प्रोग्राममध्ये एक चूक सापडली. गणितं कुठलीही यायला हवीत, पण दर दोन गणितांनी परत ७ × ८ येतं. आकडे निवडायच्या ओळीत गडबड दिसते. मी दुरुस्त करायला गेले तर अप्पांनी माझा हातच धरला, आणि चांगला जोरात. राहू दे. एवढ्या मोठ्या कामात एखादी चूक राहतेच, त्याने माणूस लहान होत नाही.

दुसरी काळजी मोठी. अप्पा खेळतच नाहीत. आकड्यांवर बोट ठेवून दाखवलं, डावा हात धरून बटणावर नेला. ते हात काढून घेतात. नुसते बघतात, ७ × ८ आलं की गालात हसतात, आणि लॅपटॉप ढकलतात. मिक्सरची गोष्ट मी आणि आईने बघितली. दादा म्हणेल, तुला जे बघायचं होतं ते तू बघितलंस. त्याला मी काय दाखवू?

३ डिसेंबर

अजूनही खेळत नाहीत. हात जोडले, रागावले, लाडीगोडी लावली. ढिम्म.

७ डिसेंबर

दादा सकाळी पोचला. गाडी दारात, ड्रायव्हर चहा घेत होता. आईने अप्पांचे कपडे पिशवीत भरून ठेवले होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

मी दादाला मिक्सरचं, बल्बचं, बोटाचं सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्याने. वाईट नाहीये तो, थकलेला आहे. म्हणाला, "आकू, तू लई मोठं काम केलं. खरंच सांगतो. पण आवाज ऐकून लेकरू बी हात हलवतं."

मी लॅपटॉप अप्पांच्या मांडीवर ठेवला आणि जीप लावली. एकदाच, अप्पा. माझ्यासाठी. अप्पांनी पडदा बघितला. दादाला बघितलं. आणि डाव्या हाताने लॅपटॉप ढकलला. पण ह्या खेपेला नुसता ढकलला नाही. फिरवून, सरळ दादापुढे.

"मी?" दादा हसला. "मी खेळू?"

"बराबर."

बसला बिचारा खाटेच्या कडेला. बेचाळीसचा माणूस, विमा कंपनीत अधिकारी, दिवसभर आकड्यांत. ९ + ६, बसला एक प्रवासी. १२ – ५, बसला दुसरा. मग ७ × ८. दादाने बघितलंही नाही नीट, सवयीने दाबलं: ५४.

प्रवासी शेळी घेऊन उतरला.

अप्पांनी खाटेच्या कठड्यावर असा हात आपटला की ड्रायव्हर चहा ठेवून आत डोकावला. "बराबर!" डोळे तेच, वर्गातले. आई तोंडाला पदर लावून हसत होती. "अजून चोपनच! आरं, त्यापायीच तर सारखं तेच विचारतंय ते यंत्र. तू लहानपणी रोज चोपन म्हणायचा अन् रोज मार खायचा. मंग हे म्हणले, मारून न्हाई येत, जीपनं येईल."

म्हणजे ती चूक नव्हती. आणि मी तिला दुरुस्त करायला निघाले होते.

दादा लालेलाल. पुढची दोन गणितं झाली, परत ७ × ८. दादाची बोटं बटणावर थांबली. अप्पांनी डावा हात वर केला. पंजा उघडला: पाच. मूठ मिटली. परत पंजा, मिटला, आणि एक बोट. सहा.

"छप्पन्न," दादा म्हणाला. बटण दाबलं. प्रवासी बसला. "सरका, अजून एक बसंल."

त्यानंतर दादा एकही चुकला नाही. टपावरचे दोघं बसले, जीप सुटली, सेनगाव मागे पडलं, हिंगोलीची पाटी आली. पडद्यावर अप्पांनी आठ बाय आठ चौकटींत बसवलेली अक्षरं उमटली: शाब्बास धम्मा.

मग दादाने अप्पांकडे बघितलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला. मला आधी कळलंच नाही काय झालं.

"अप्पा," तो म्हणाला. "मी फोनवर बोलत व्हतो... नांदेडचं. तुमाला कळत न्हाई म्हणून. ते सगळं तुमी ऐकत व्हता?"

"बराबर," अप्पा म्हणाले. अगदी हळू.

दादाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. अप्पांचा डावा हात त्याच्या केसांवर होता. जरा वेळाने आईने उठून पिशवीतले कपडे एकेक करून परत खुंटीला लावले, आणि मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला सांगितलं की भाऊ, आज नांदेड नाही.

परत आले तर अप्पांनी लॅपटॉप पुन्हा दादापुढे सरकवला होता. जीप गोरेगावच्या फाट्यावर रिकामी उभी होती आणि दादा डोळे पुसत गणित वाचत होता.